फुकट हसायचं तर कार्ड कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कॉमेडी स्ट्रीमिंगची फ्री ट्रायल कशी घ्यायची याची माहिती दिली होतीत, ॲप कुठून डाउनलोड करायचं, ईमेल कुठे टाकायचा, कुठलं बटण दाबायचं, अगदी फोटोंसकट. छान होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात आत कसं शिरायचं एवढंच होतं, बाहेर कसं पडायचं याची एक ओळ नव्हती, आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, तेही दोन महिन्यांचे पैसे जाईपर्यंत. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त कॅन्सलचा भाग तेवढा ठेवा.

झालं असं की भाचा राहायला आला होता आणि त्याला वाटलं आत्या हल्ली हसतच नाही. (हसते, त्याच्यासमोर नाही हसत एवढंच.) तर रात्री पावणेबाराला माझाच फोन हातात घेऊन त्याने एक कॉमेडीचं ॲप टाकलं, "आत्या, सात दिवस फुकट आहे गं, बघ तर खरं." नाव, ईमेल, पासवर्ड, सगळं धडाधड भरलं आणि मग म्हणाला कार्ड दे. मी म्हटलं, अरे फुकट आहे ना, मग कार्ड कशाला? "ते फक्त व्हेरिफिकेशनला गं." एवढं बोलून तो झोपायला गेला आणि दुसऱ्या दिवशी निघूनही गेला.

आता हे व्हेरिफिकेशन काय प्रकरण असतं ते मला नंतर कळलं. कार्ड खरं आहे का, चालू आहे का, ते बघायला किरकोळ रक्कम अडकवून धरतात आणि सोडून देतात, तिथपर्यंत काही म्हणणं नाही. पण त्याच एका क्लिकमध्ये तुम्ही "ट्रायल संपली की दर महिन्याला माझ्या कार्डातून पैसे काढत जा, मी थांब म्हणेपर्यंत" अशी परवानगीही देऊन बसता. ती लिहिलेली असते, नाही असं नाही, पण पांढऱ्यावर फिकट करड्या बारीक अक्षरात, आणि "फ्री" हा शब्द मात्र अर्धा स्क्रीन व्यापून. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.

बरं, ते सात दिवस तरी कसे गेले ते ऐका. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांनी त्यातलेही दोन कापले. आणि आत बघितलं तर रात्र थोडी सोंगं फार! तासतासाचे स्टँडअपचे कार्यक्रम म्हणजे एकटाच माणूस माइकसमोर उभा राहून हसवतो ते, सिटकॉम म्हणजे विनोदी मालिकांचे सीझनच्या सीझन, स्केच म्हणजे छोटी प्रहसनं, इम्प्रोव्ह म्हणजे न लिहिता आयत्या वेळी केलेली नाटुकली, दोन विनोदवीर माइक घेऊन तीन तास गप्पा मारतात ते वेगळंच. फुकटचं आहे तर सोडायचं कशाला म्हणून मी वहीत यादी केली. रोज तीन तास बघायचं ठरवलं. दिवसभर वेळ नाही, मग रात्री सगळे झोपल्यावर कानात इअरफोन घालून, अंधारात, फोनवर. तिसऱ्या रात्री एका फार नावाजलेल्या स्टँडअपवाल्याचा कार्यक्रम बघत होते, तिथे समोरचे हजारभर लोक खुर्च्यांवरून पडायच्या बेतात आणि मी इकडे पेपर तपासावेत तशा चेहऱ्याने. बत्तीस वर्षं शिकवलंय, तो चेहरा मला येतो. एक विनोद झाला की मनात म्हणायचं हं, चांगला होता, पुढे. आणि घड्याळ बघायचं, कारण यादीतले अजून अकरा बाकी.

मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. पण मग वाचनात आलं की रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते, मेंदूवर काम करणारे, त्यांनी लोक खरोखर कधी हसतात ते मॉलमध्ये, रस्त्यावर, बारकाईने ऐकून टिपून ठेवलं होतं. बाराशे वेळचं हसणं जमवलं त्यांनी. तर त्यांना असं दिसलं की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या साधारण तीसपट चार माणसांत हसतो, आणि त्या हसण्यातलं विनोदाला म्हणावं असं हसणं फार तर शेकडा दहा ते वीस, बाकी सगळं "बरं मग भेटू" असल्या साध्या वाक्यांनंतरचं! म्हणजे हसू हे मुळात विनोदाचं नसून माणसांचं आहे. टीव्हीवाल्यांना हे अभ्यासाआधीच कळलेलं होतं, १९५०च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरने रेकॉर्ड केलेल्या हशाचं एक मशीनच बनवलं, बटणं दाबली की हवा तसा हशा, हलका, मोठा, विनोद न समजता हसणाऱ्याचा सुद्धा, कारण घरात बसलेल्या माणसाला आजूबाजूला कोणीतरी हसतंय असं वाटलं पाहिजे. आम्ही सगळे त्या खोट्या हशाला नावं ठेवत आलो, पण रात्री एक वाजता इअरफोन घालून बसल्यावर मला त्याची किंमत कळली.

आणि या ट्रायलची अट काय, तर एका वेळी एकच स्क्रीन, टीव्हीवर बघायचं तर वरचा प्लॅन घ्या. म्हणजे ज्या गोष्टीला चार माणसं लागतात ती एकट्याने, छोट्या फोनवर, घड्याळ लावून चाखायची आणि मग ठरवायचं आवडली की नाही! खुनाची मालिका असेल तर ठीक आहे हो, ती एकट्याने आणि सलग बघण्यातच मजा, सात दिवसांत दोन संपतात, माणूस खूश. विनोदाचं तसं होत नाही. सलग चौथ्या तासाला जगातला सर्वात चांगला विनोदसुद्धा कोमट लागतो. त्यामुळे माझी पहिली सूचना या कंपन्यांना, दिवस मोजू नका, तास मोजा. दहा तास द्या आणि ते कधी वापरायचे ते आमच्यावर सोडा. आज एक, पुढच्या महिन्यात बहीण आली की दोन. दहा तास संपले आणि अजून पाहिजे असं वाटलं तर मी स्वतः कार्ड घेऊन येते की.

आता पैशाचं. सहाव्या दिवशी मी ठरवलं की पुरे झालं, आणि ॲप फोनवरून काढून टाकलं. मला वाटलं संपलं. हसू नका, मी चारचौघांना विचारलंय, त्यातल्या तिघांना असंच वाटत होतं! ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. दुकानाची पाटी दिसेनाशी झाली म्हणून उधारी मिटत नाही तसंच आहे ते, पण हे सांगणारं कोणी नव्हतं, डिलीट करताना फोनने विचारलं की खरंच काढू का, पण "पैसे चालूच राहतील हं" असं माझ्या फोनने काही म्हटलं नाही. तर पहिल्या महिन्याचे पैसे गेले आणि मला पत्ताच नाही, कारण बँकेच्या यादीत त्या कॉमेडीवाल्यांचं नावच नव्हतं, ॲप स्टोअरचं होतं, मला वाटलं भाच्याने फोनमध्ये साठवायची जागा वाढवून घेतली असेल. दुसऱ्या महिन्यात पैसे जायच्या आधी मेसेजही आला होता की उद्या अमुक रक्कम कापली जाईल, खाली लिंक. आणि मी तो काय केला असेल? पुसून टाकला! कारण वर्षानुवर्षं तुम्हीच पेपरात छापताय की अनोळखी मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करू नका. नाही केलं. पैसे गेले. मेसेज खरा होता. रक्कम मोठी नव्हती म्हणा, पण न हसता दिली याचं जास्त लागलं.

शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणतो, "अगं आत्या, डिलीट नाही, कॅन्सल करायचं असतं!" मग म्हटलं करते कॅन्सल, आणि तिथून खरी करमणूक सुरू झाली. सर्व्हिसच्या वेबसाइटवर गेले, तिथे लिहिलं होतं की तुम्ही ज्या ॲप स्टोअरमधून घेतलंत तिथूनच बंद करा. ते बरोबर आहे म्हणे, जिथून घेतलं तिथूनच सोडावं लागतं, पण मग सोडायच्या आधी चार पानं फिरवायची काय गरज होती? पहिल्या पानावर प्रश्न, का चाललात? कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि कारणांमध्ये "मला हसू आलं नाही" हा पर्याय नव्हता. दुसऱ्या पानावर तीन महिने निम्म्या दरात. तिसऱ्या पानावर एक रडवेला विदूषक आणि दोन बटणं, एक भलंमोठं पिवळं, "नाही, मला हसत राहायचंय", आणि खाली बारीक करडं, "हो, मला आनंद नको आहे". मी खरंच सांगते, त्या सगळ्या सर्व्हिसमध्ये मला मोठ्याने हसू आलेला पहिला विनोद तो. आणि चौथ्या पानावर कळलं की अजून काहीच कॅन्सल झालेलं नाही, आता ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये जा.

या असल्या बटणांना नाव आहे हे तुमच्यातल्या किती वाचकांना माहिती असेल? कन्फर्म शेमिंग. म्हणजे नाही म्हणणाऱ्याला लाजवायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला डार्क पॅटर्न्सबद्दल, म्हणजे ग्राहकाला गंडवायला स्क्रीनवर मांडलेल्या सापळ्यांबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असे तेरा प्रकार दिलेत, त्यातला हा एक. आणि दुसरा आहे सबस्क्रिप्शन ट्रॅप, त्याच्या व्याख्येत कॅन्सलचा पर्याय लपवणं तर आहेच, पण नीट वाचलं तर त्यात हेही आहे की फुकटच्या सबस्क्रिप्शनसाठी ग्राहकाला पेमेंटची माहिती किंवा ऑटो डेबिटची म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी द्यायला भाग पाडणं. मी ते दोनदा वाचलं. म्हणजे रात्री पावणेबाराला मी विचारलेला प्रश्न, फुकट आहे तर कार्ड कशाला, तो काही येड्यासारखा नव्हता, तो सरकारी कागदावर आहे! तरीपण ट्रायल म्हटलं की कार्ड हे इतकं अंगवळणी पडलंय की तुमच्या लेखातसुद्धा "चौथी पायरी, कार्डाचा तपशील भरा" असं बिनदिक्कत आलंय. याबद्दल मात्र थोडी तक्रार आहे.

जर्मनीत १ जुलै २०२२पासून वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, सरळ दिसेल असं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२४मध्ये नियम केला की जितक्या सोपेपणाने घेता येतं तितक्याच सोपेपणाने सोडता आलं पाहिजे, पण तो पूर्ण लागू व्हायच्या आधीच जुलै २०२५मध्ये तिथल्या कोर्टाने नियम करण्याची पद्धत चुकली म्हणून रद्द केला. म्हणजे कॅन्सल करणं सोपं करणारा नियमच कॅन्सल झाला, आणि तो मात्र फटक्यात झाला.

हे फक्त माझ्यासारख्या मास्तरणीचं होतं असंही नाही. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तेही माणसं पैशाच्या बाबतीत कशी वागतात यावरच्या कामाला, त्यांनी स्वतःच लिहिलंय की त्यांच्या पुस्तकाचं परीक्षण वाचायला ते एका वर्तमानपत्राची स्वस्तातली ट्रायल घ्यायला गेले. बारीक अक्षरं वाचली तर महिन्यानंतर आपोआप पुढे चालू, आणि सोडायचं तर पंधरा दिवस आधी कळवायचं, तेही लंडनच्या ऑफिसला, ऑफिसच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने फोन करून! या असल्या चिखलाला त्यांनी स्लज म्हटलंय, म्हणजे माणसाला हिताच्या गोष्टीपर्यंत पोचू न देणारा गाळ. आता ते वर्तमानपत्र होतं हे मी मुद्दाम सांगितलं नसतं, पण तुम्हीही ई-पेपरची ट्रायल देता म्हणून आपलं आठवलं.

दुसरी बाजू आहे, ती मला दिसत नाही असं नाही. हा भाचाच घ्या, दर आठवड्याला नवीन ईमेल काढून नवीन ट्रायल, तीन वर्षांत एक पैसा दिलेला नाही आणि वर मलाच शहाणपण. अशांमुळे कार्ड मागतात हे मला कळतं. मोठ्या कंपन्यांनी तर दुकानच आवरलं, डिस्ने प्लसने जून २०२०मध्ये आणि नेटफ्लिक्सने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली फ्री ट्रायल बंद केली. आणि नुसत्या कॉमेडीवर सर्व्हिस चालवणं सोपं नाही हेही खरं. सीसो नावाची एक होती, एनबीसीयुनिव्हर्सलसारख्या तालेवार कंपनीची, जाहिराती नाहीत, फक्त विनोद, जानेवारी २०१६मध्ये सुरू झाली आणि २०१७ संपेपर्यंत बंद. विनोद करणारी माणसंही पोटासाठीच करतात, त्यांना पैसे मिळायलाच पाहिजेत, फुकट ते पौष्टिक या मताची मी नाही.

पण मग ज्यांनी तग धरला त्यांचं बघा. इंटरनेटवर विनोदी व्हिडिओ करणाऱ्या कॉलेजह्यूमरवाल्यांनी २०१८मध्ये ड्रॉपआउट नावाचं कॉमेडीचं स्ट्रीमिंग काढलं, २०२०च्या जानेवारीत मालक कंपनीने हात काढून घेतला, शंभराच्या वर लोक कामावरून गेले, तिथल्याच सॅम राइश नावाच्या माणसाने ते विकत घेतलं आणि मूठभर लोकांना घेऊन चालवलं. आज ते उभं आहे आणि लोकांना त्याची गोडी लागली ती बरीचशी यूट्यूबवर आणि इकडेतिकडे फिरणाऱ्या मिनिट-दोन मिनिटांच्या तुकड्यांमुळे. माझ्या मते विनोदाची खरी ट्रायल ती! एक तुकडा, हसलात, शेजारच्याला दाखवलात, तोही हसला, चला आता पूर्ण बघूया. ना कार्ड, ना सात दिवस, ना रडका विदूषक. विनोदाचा नमुना दोन मिनिटांत देता येतो, दुसऱ्या कशाचा देता येत नाही, तरी यांना आमच्या बँकेचा रस्ताच का पाहिजे हे मला समजत नाही. म्हणजे समजतं. ट्रायलमध्ये हसलेल्यांपेक्षा विसरलेल्यांवर जास्त भिस्त असते, हा माझा संशय, सिद्ध करता येणार नाही.

तर पुरवणीत पुढच्या वेळी चौकट टाकणार असाल तर त्यात एवढं येऊ द्या. ट्रायल ज्या रात्री घ्याल त्याच रात्री कॅन्सल करून टाका, बऱ्याच ठिकाणी कॅन्सल केलं तरी उरलेले दिवस बघता येतं, पण सगळीकडे नाही, काही ठिकाणी लगेच दार लावतात, म्हणून आधी तिथली ओळ वाचा. दार लावणाऱ्यातलं असेल तर फोनमध्ये अलार्म लावा, आणि तो शेवटच्या दिवसाचा नको, आदल्या दिवशीच्याही आधीचा लावा, कारण ॲपलच्या स्टोअरमधून घेतलं असेल तर निदान चोवीस तास आधी बंद करावं लागतं, आणि ट्रायल तारखेने नाही तर तासाने संपते, मी शनिवारी रात्री पावणेबाराला घेतली होती, म्हणजे ती पुढच्या शनिवारी रात्री संपणार, तर बंद करायचा खेळ शुक्रवारी रात्रीच संपलेला होता. कुठून घेतलंत ते लिहून ठेवा, ॲपल, गूगल का थेट वेबसाइट, कारण सोडायचं दार तेच. आणि ॲप डिलीट करणं म्हणजे कॅन्सल नव्हे हे कृपया ठळक टाइपात.

माझं कॅन्सल झालं एकदाचं, परवा. पण दुसऱ्या महिन्याचे पैसे भरलेले असल्यामुळे १९ तारखेपर्यंत चालू आहे. तर मी बहिणीला बोलावून घेतलं, भाच्याने वायर पाठवली होती ती लावून फोन टीव्हीला जोडला (हे त्यांच्या अटीत बसतं की नाही ते मी वाचलेलं नाही, अक्षर बारीक होतं), आणि तिसऱ्या रात्री मी पेपर तपासल्यासारखा बघितलेला तोच स्टँडअपवाला परत लावला. सगळे विनोद मला आधीच माहिती. आणि दोघी इतक्या हसलो की जावई वरून विचारायला आले काय झालं, मग तेही बसले. अजून आठ कार्यक्रम राहिलेत आणि हातात पाच दिवस आहेत, बहीण हाक मारतेय, तेव्हा इथेच थांबते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि नियमित वाचक

ता.क. : तुमच्या ई-पेपरची ट्रायल मी गेल्या वर्षी घेतली होती. ती कशी बंद करायची ते कृपया कळवावे.